एकच तक्ता, दोन मुले

समाजवादी चळवळीतून आलेल्या जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणाऱ्या बंगळूरच्या जे. पी. नगरात वर्गभेद शोधण्यासाठी फार फिरावे लागत नाही. सदनिकेत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीचे मूल आणि त्याच सदनिकेत वाढणारे मूल, दोघेही चौथ्या वर्षी इंग्रजी मुळाक्षरांच्या एकाच तऱ्हेच्या तक्त्यासमोर बसतात. पहिल्याच्या घरी कन्नड, तेलुगू, तमिळ वा उर्दू बोलली जाते. दुसऱ्याने इंग्रजी गोष्टी मांडीवर बसून ऐकलेल्या असतात. दुसऱ्याला तक्त्यात ओळखीचे शब्द दिसतात, पहिल्याला निव्वळ रेघोट्या.

हा बुद्धीचा फरक नव्हे. कन्नड किंवा मराठी लिपीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड बव्हंशी पक्की असते. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये 'क' होते, 'सिटी'मध्ये 'स'. ज्या मुलाने तो शब्द कधी ऐकलाच नाही, त्याला आपण बरोबर वाचले की चूक, हे ताडून पाहण्याचे साधनच नसते. ते गिरवते, घोकते; आणि मूल इंग्रजी शिकले, असा आईबापांचा समज होतो. आधी ऐकणे-बोलणे, स्वभाषेत वाचनाची गोडी आणि त्या आधारावर इंग्रजी, हाच शास्त्रशुद्ध क्रम होय.

परंतु कष्टकऱ्यांच्या मुलांना इंग्रजी नकोच, असा याचा अर्थ काढणे घातक ठरेल. पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीच्या सरकारने ऐंशीच्या दशकात प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने परत आणावी लागली. ही चूक आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारची मातृभाषा-माध्यमाची सक्ती अवैध ठरवून माध्यमाची निवड पालकांवर सोपविली. ही निवड करण्यासाठी खिशात फी असावी लागते, एवढेच!

आणि पाया जेथे घातला जातो, त्या वयाचे काय? २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला हक्क देतो. ३ ते ६ वर्षांच्या मुलांची सोय त्याने सरकारच्या मर्जीवर ठेवली आहे. या मुलांना १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी सेविका सांभाळतात, त्याही तुटपुंज्या मानधनावर. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे ठरण्यासाठी २५ एप्रिल २०२२ उजाडावा लागला. जून २०२४ मध्ये कर्नाटकातील सेविका रस्त्यावर उतरल्या. बालवर्ग सरकारी शाळांत नव्हे, अंगणवाड्यांतच चालवा, ही त्यांची मागणी होती. पुढच्याच महिन्यात बंगळूरमधील काही अंगणवाड्यांना 'सरकारी माँटेसरी' हे नाव मिळाले. आता पाटीमागोमाग गोष्टींची पुस्तके, सेविकांना इंग्रजी बोलण्याचे प्रशिक्षण आणि कायम कर्मचाऱ्याचा दर्जाही यावयास हवा. मुलांशी बोलण्याचा त्यांचा वेळ आज मोबाईलवर पोषणाच्या नोंदी भरण्यात जातो.