लाल मातीवरचे धक्कादायक निकाल

टेनिसमधला मातीच्या मैदानांचा मुख्य हंगाम एप्रिलमध्ये माँटे कार्लोला सुरू होतो आणि माद्रिद, रोम करत जूनमध्ये पॅरिसच्या फ्रेंच ओपनला संपतो. या दोन महिन्यांत नावाजलेले खेळाडू पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद झाले की नशिबाला बोल लावला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. जागतिक क्रमवारी सिमेंट, गवत आणि माती या सगळ्यांवरचे गुण एकत्र करून ठरते. मातीवर कोणाची किती कुवत आहे, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

पॅरिसच्या मैदानाचा तांबडा रंग विटांच्या चुऱ्याचा. हा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, त्याखाली चुनखडी. चेंडू त्यावर घासून वेग गमावतो आणि उंच उसळतो. त्यामुळे नुसत्या वेगवान सर्व्हिसवर झटपट गुण मिळत नाहीत. पाय घसरवत चेंडूपर्यंत पोचणे आणि दमाने खेळणे भाग पडते. चौदा ग्रँड स्लॅम जिंकणारा पीट सँप्रास पॅरिसमध्ये १९९६ च्या उपांत्य फेरीपलीकडे कधी गेला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन तिथे विजेता झाला. तो मातीवरच वाढलेला होता.

सगळी मातीही सारखी खेळत नाही. ओलावा आला की चेंडू जड होतो, ऊन पडले की मैदान वेगवान होते. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, म्हणून तिथल्या विरळ हवेत चेंडू अधिक वेगाने जातो.

या मातीवरचा सर्वांत मोठा धक्का २००९ चा. पॅरिसमध्ये सलग ३१ सामने जिंकलेल्या राफाएल नदालला स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगने चौथ्या फेरीत हरवले. नदालचा उंच उसळणारा चेंडू भल्याभल्यांना मागे रेटत असे. उंचापुऱ्या सोडरलिंगने तोच चेंडू खांद्याच्या उंचीवर घेऊन सपाट फटकावला. मातीने दिलेल्या उसळीचाच त्याने उपयोग केला, म्हणून या विजयाला योगायोग म्हणता येत नाही. भारताच्या सुमित नागलने २०२४ मध्ये माँटे कार्लोला पात्रता फेरीतून येऊन क्रमवारीत अडतिसाव्या असलेल्या इटलीच्या मातेओ अर्नाल्दीला हरवले, तेही पहिला सेट गमावल्यावर.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला मात्र कुस्तीमुळे लाल मातीवरचे निकाल टेनिसच्या फार आधीपासून माहीत आहेत. १९५९ मध्ये पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९७७ मध्ये बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल यांची कुस्ती झाली. गुरू हनुमान यांचा पठ्ठा सतपाल वयाने लहान आणि ऐन भरात; बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. बिराजदारांनी सतपालला हरवले. बेळगावच्या मातीवरचा याहून मोठा निकाल सांगणे अवघड आहे.

आखाड्याची माती बनवावी लागते. चाळलेल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळतात, रोज उकरतात. तिच्यात पाय रुततो, त्यामुळे झटपट पटात शिरणे अवघड जाते आणि पकडीची ताकद व दम यांना मोल येते. मैदानातली निकाली कुस्ती चितपटीपर्यंत चालते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण मोजले जातात आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. पवित्रा, चाल, श्वासाचे गणित, सगळेच बदलते.

खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा गादी त्यांना नवी होती. तिची सवय करून घेतल्यावर १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून दोन्हींच्या विजेत्यांची अखेरची लढत लावतात. दोन पृष्ठभागांवरची कुवत वेगळी असते, हे या पद्धतीने मान्य केले आहे.

निपाणी, चिकोडी, बेळगाव पट्ट्यातल्या यात्रांच्या मैदानांत नाव कमावलेला पोरगा राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला की त्याच्या मेहनतीवर शंका घेतली जाते. हा त्या पोरावर अन्याय आहे. मातीत घडलेल्या पोराला गादीवर सराव मिळालेला नसतो, आणि वयाच्या विसाव्या वर्षी नवी चाल अंगात मुरवणे कठीण असते. टेनिसपटूला हंगाम बदलताना काही आठवडे तरी नव्या मैदानावर सराव मिळतो. गावच्या तालमीत मातीच्या हौद्याशेजारी गादी अंथरली आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांना दोन्हींवर उतरवले, तर निवड चाचणीच्या दिवशी गादी त्यांना परकी वाटणार नाही.