जुन्या गाडीला हेडर बसवताय? खिशाचं आणि कायद्याचं गणित आधी समजून घ्या

वीस वर्षं ओलांडलेली होंडा सिटी व्हीटेक किंवा फियाट पालिओ १.६ स्वस्तात घ्यायची आणि हळूहळू 'तयार' करायची, ही हौस 'एमएच १६' पासिंगच्या गाड्यांनाही नवी नाही. एअर फिल्टरनंतर बहुतेकांची नजर जाते ती हेडरवर. पैसे मोजके असतील तर निवड कशी करायची? आणि हा बदल रस्त्यावर चालतो का?

हेडर म्हणजे नेमकं काय?

इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणारा पहिला भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो बहुधा बिडाचा, आखूड आणि जड असतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र, शक्यतो सारख्या लांबीचा पाइप मिळतो. चार सिलेंडरचं इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा वायू बाहेर फेकतं. एका सिलेंडरचा वायू पाइपमधून पुढे गेला की मागे दाब कमी होतो आणि दुसऱ्याचा वायू सहज ओढला जातो. हेडरचा फायदा इथेच आहे. आवाज वाढल्याने ताकद वाढत नाही.

४-१ की ४-२-१?

'४-१'मध्ये चारही पाइप एकाच ठिकाणी मिळतात. त्याचा फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला, म्हणजे ट्रॅकवर. '४-२-१'मध्ये साधारणपणे १-४ आणि २-३ या सिलेंडरच्या जोड्या आधी एकत्र येतात, मग एक पाइप होतो. त्याने मधल्या आरपीएमचा पिकअप सुधारतो. नगर-मनमाड रस्त्यावर ट्रक ओलांडायचा असो की इमामपूर घाट चढायचा, रोजच्या गाडीला ४-२-१ बरा.

पैसे कुठे वाचवू नयेत?

- धातू : एमएस पाइप स्वस्त, पण लवकर गंजतो. त्यावर हीट रॅप गुंडाळला की ओल धरून आणखी लवकर सडतो. एसएस ३०४ महाग, पण टिकाऊ.
- फ्लँज : पातळ फ्लँज तापून वाकतो, गॅस्केट उडतं आणि 'फट फट' आवाज सुरू होतो. तो जाड आणि सपाट हवा.
- वेल्डिंग : टिग वेल्डिंग मागावं. पाइपच्या आत मसाला उतरला असेल तर वायूची वाट तिथेच अडते.
- सेन्सर : मूळ मॅनिफोल्डवर ऑक्सिजन सेन्सर असेल तर हेडरवरही त्याच जागी बुशिंग हवं.

बिलात फक्त पाइप धरू नये. गॅस्केट, नटबोल्ट, मजुरी आणि शेवटी ट्यूनिंगही मोजावं. एवढं करून साध्या, बिनटर्बो गाडीत नुसत्या हेडरने मिळणारी वाढ थोडकीच असते. त्याआधी कॉम्प्रेशन, प्लग, ब्रेक आणि टायर ठीक करणं हा जास्त शहाणा खर्च.

नव्या गाडीला बसतो का?

अनेक नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलेंडर हेडमध्येच ओतलेला असतो. टर्बो गाडीत मॅनिफोल्डला लगेच टर्बो लागतो. बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून असतो. तिथे 'हेडर' म्हणून जे विकलं जातं, त्यात बरेचदा कॅटॅलिटिक काढून टाकलेला असतो. मग चेक इंजिन दिवा लागतो, पीयूसी अडते आणि विषारी वायू थेट मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो. असा सौदा कितीही स्वस्त असला तरी नको.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांत मनाने बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. कलम १८२अ(४)नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळा. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणी नव्याने करताना गाडी आरटीओत तपासली जाते. म्हणून मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये.

मग हौशी माणसाने करायचं काय?

इथे व्यवस्थेलाही प्रश्न विचारायला हवा. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई हवीच. रात्री दीड वाजता झोपमोड झालेल्या आजारी माणसाला ती हौस वाटत नाही. पण कॅटॅलिटिक जागेवर ठेवून, शांत आणि नीट बनवलेला हेडरही त्याच मापाने का मोजायचा?

कॅलिफोर्नियात हेडरची प्रदूषण चाचणी होते. तो उत्तीर्ण झाला की त्याला मान्यता क्रमांक मिळतो आणि ग्राहक तो क्रमांक बघून माल घेतो. आपल्याकडेही सीएनजी किटला अशीच मान्यता लागते, आणि आरसीवर नोंद करून ते किट उघडपणे वापरता येतं. अशा चाचण्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६मध्ये ज्या संस्थांची नावं आहेत, त्यांत एक नाव याच जिल्ह्यातलं आहे : डीआरडीओची व्हीआरडीई. म्हणजे तपासणारे हात घराजवळ आहेत. हेडरसाठी सोपी, परवडणारी वाट तेवढी नाही.

ती वाट होईपर्यंत रस्त्यावरच्या गाडीला मूळ मॅनिफोल्डच बरा. हेडरसाठी साठवलेले पैसे आधी ब्रेक आणि टायरवर जावेत. गाडी जोरात पळण्याआधी वेळेवर थांबली पाहिजे.