रॉकच्या आद्य बाया आणि आपल्या पोरींचं जॅकेट

जयंतीची वर्गणी किती, मिरवणूक कुठून न्यायची, डीजे लावायचा की लेझीम, यावर आपल्या वस्त्यांमध्ये रात्र रात्र वाद चालतात आणि ते चालायलाच हवेत. पण एक विषय मात्र वाद न होताच निकाली निघतो. मुलींनी काय घालायचं? पांढरी साडी, निळी किनार. विषय संपला. अशाच एका बैठकीत काळं जॅकेट, कानापर्यंत कापलेले केस आणि पायात जाड बूट घालून आलेल्या एका कार्यकर्तीला सांगण्यात आलं की सूत्रसंचालन करायचं असेल तर ‘नीट’ कपडे घालून ये. ही मुलगी वस्तीतल्या पोरांची शिकवणी घेते, गिटार वाजवते, मोर्चात सगळ्यांच्या पुढे असते. सांगणारे सगळे आपलेच भाऊ होते. तिच्या मोबाईलच्या स्क्रीनवर सिस्टर रोझेटा थार्पचा फोटो आहे. ही बाई कोण, हे त्यांच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

आमची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. रॉक संगीतात वाट पाडणाऱ्या स्त्रियांकडून आपल्या मुलींनी पेहरावाची प्रेरणा घेणं म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल नव्हे. महाडला जे घडलं त्याच्याशी त्याचं थेट नातं आहे. फक्त प्रेरणा कुणाकडून घ्यायची आणि नेमकं काय घ्यायचं, हे डोळे उघडे ठेवून ठरवावं लागतं.

फॅशनच्या मासिकांत ‘रॉक लूक’वर लेख येतात. त्यात बहुतेक वेळा सुरुवात होते ती सत्तरच्या दशकापासून. जोन जेटचं काळं लेदर जॅकेट, डेबी हॅरीचे सोनेरी केस, पॅटी स्मिथचा पांढरा शर्ट. या बायांबद्दल आम्हाला आदरच आहे. १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर पॅटी स्मिथ साधा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर कोट टाकून कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर आपल्या मुलींनी जरूर शिकावी. पण ही यादी मधूनच सुरू होते. आधीची पानं फाडलेली आहेत. आपल्याला हा प्रकार नवा नाही. आपला इतिहासही असाच मधून सुरू करून शिकवला जातो.

फाडलेल्या पानांत पहिलं नाव थार्पचंच. जन्म १९१५, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, कॉटन प्लांट नावाच्या गावी. आईवडील कापूस वेचणारे. लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवत ती वाढली आणि १९३८ साली न्यूयॉर्कच्या क्लबांत गाऊ लागली. देवाची गाणी दारूच्या गुत्त्यात गाते म्हणून तिच्यावर टीका केली ती तिच्याच समाजातल्या चर्चच्या मंडळींनी. बाई, भरजरी झगा आणि हातात इलेक्ट्रिक गिटार, हे गणित त्यांना सुटत नव्हतं. दुसरीकडे गोऱ्यांच्या अमेरिकेत तिला हॉटेलात खोली मिळत नसे, दौऱ्यावर असताना ती बसमध्ये झोपे. १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ अनेक अभ्यासक रॉक अँड रोलच्या अगदी पहिल्या गाण्यांत मोजतात. एल्विस तेव्हा शाळेत होता.

तिचं १९६४ चं एक चित्रीकरण इंटरनेटवर सहज सापडतं, ते प्रत्येकाने बघावं. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ग्रॅनडा टीव्हीने कार्यक्रम ठेवला होता. एका फलाटावर प्रेक्षक, रुळांपलीकडच्या फलाटावर कलाकार. आयोजकांनी तो फलाट अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं गरीब स्टेशन वाटावं म्हणून सजवला होता. खोकी, पोती, कोंबड्या, शेळ्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. काळे गायक म्हणजे असलंच काहीतरी मागे दिसलं पाहिजे, ही त्या गोऱ्या आयोजकांची कल्पना. त्या देखाव्यात थार्प आली ती घोडागाडीतून. अंगात उंची कोट, पायात टाचांचे बूट. पाऊस पडून गेलेला. तिने पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि त्या शेळ्या-कोंबड्यांचा विषयच संपवला. देखावा त्यांनी ठरवला होता, पण अंगावर काय घालायचं ते तिने ठरवलं. आम्हाला पेहरावाबद्दल जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं या काही मिनिटांत आहे.

ही बाई १९७३ मध्ये गेली, तेव्हा तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं ते २०१८ साली.

दुसरी बिग मामा थॉर्नटन. ‘हाउंड डॉग’ म्हटलं की जगाला एल्विस आठवतो. ते गाणं दोन गोऱ्या तरुणांनी लिहिलं ते थॉर्नटनसाठी. तिने ते १९५२ मध्ये गायलं आणि पुढच्या वर्षी काळ्या श्रोत्यांच्या यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिच्या हाती सुमारे ५०० डॉलर पडले. एल्विसने १९५६ मध्ये तेच गाणं गाऊन काय कमावलं ते वेगळं सांगायला नको. थॉर्नटन मंचावर पुरुषी शर्ट, कामगाराची पँट, बूट आणि टोपी घालून उभी राहायची. अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून. सुंदर दिसण्याची जबाबदारीच तिने घेतली नव्हती. आपल्या ज्या मुली वस्तीत सर्वे करतात, पोलीस ठाण्यात तासन् तास बसतात, टू-व्हीलरवरून चार गावं फिरतात, त्यांनी थॉर्नटनकडे पाहावं. खिसे असलेले, उठबस करता येणारे कपडे हाही एक विचार आहे. (बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर कधीतरी वेगळं लिहू.)

आणि टिना टर्नर. ती तर आपल्या आणखी जवळची, कारण ती बौद्ध होती. सत्तरच्या दशकात ती जपानच्या निचिरेन परंपरेकडे वळली आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तिने तो मार्ग सोडला नाही. मंत्रजपावर भर देणारा तो पंथ आणि बाबासाहेबांनी दिलेला धम्म यांत मोठं अंतर आहे, ते आम्ही झाकत नाही. पण मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून बाहेर पडण्याचं बळ तिला बुद्धाच्या नावाने मिळालं, असं ती स्वतः सांगत असे. आम्ही ते खोडायला जाणार नाही.

तिचं खरं नाव अ‍ॅना मे बुलक. ‘टिना’ हे नाव तिला तिच्या नवऱ्याने, आइक टर्नरने दिलं. ‘शीना’ नावाच्या जंगलच्या राणीचं चित्रमालिकेतलं पात्र त्याच्या डोक्यात होतं. काळ्या बाईला जंगलातली रानटी म्हणून विकायचं, हा त्यातला हिशेब. वर त्याने ते नाव कायद्याने स्वतःच्या ताब्यात ठेवलं, म्हणजे ही निघून गेली तर दुसरी बाई त्या नावाने उभी करता येईल. १९७६ मध्ये ती डॅलसमध्ये त्याला सोडून पळाली तेव्हा तिच्याकडे ३६ सेंट होते. १९७८ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा तिने घर, पैसा यांवर पाणी सोडलं आणि नाव मागून घेतलं. पुढे १९८४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, डेनिमचं जॅकेट, लेदरचा आखूड स्कर्ट आणि पिंजारलेल्या केसांचा विग घालून ती परतली आणि जगाने तिला डोक्यावर घेतलं. तेच नाव, तेच उघडे पाय, तेच रानटी केस. मात्र मालक बदलला होता.

दुसऱ्यांनी लादलेलं नाव कसं टोचतं हे ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, त्याला टिना टर्नर समजायला वेगळा अभ्यास लागू नये.

आता महाडकडे येतो. डिसेंबर १९२७ ची परिषद म्हटली की आपण मनुस्मृतिदहन सांगतो आणि थांबतो. त्याच परिषदेत बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल बोलले. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कोपरापर्यंत भरलेले कथलाचे, चांदीचे दागिने. या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखलं जातं, त्या टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. आणि बायांनी ते तिथल्या तिथे केलं. घरी जाऊन नवऱ्याला, सासूला विचारून मग बघू, असं त्या म्हणाल्या नाहीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना या बाया कोण होत्या हे सांगावं लागणार नाही.

काही जण याच भाषणाचा आधार घेऊन म्हणतात की बाबासाहेबांनी मुलींना साधं आणि शालीन राहायला सांगितलं. आमच्या मते हे वाचन उलटं आहे. जातीने ठरवून दिलेला वेश उतरवणं हा त्या भाषणाचा गाभा आहे. तो उतरवल्यावर जागा रिकामी झाली, ती भरण्याचा अधिकार मंडळाच्या अध्यक्षाकडे गेला असं कुठेही म्हटलेलं नाही. दीक्षाभूमीवर जाताना आम्हीही पांढरं घालतो, आनंदाने घालतो. १९५६ ची ती आठवण आहे. पण आठवण म्हणून घातलेली साडी आणि अट म्हणून घातलेली साडी यांत फरक आहे.

आणि बाबासाहेबांचा सूट? मुलाने जयंतीला थ्री-पीस शिवला की तो बाबासाहेबांचा वारसा. मुलीने जॅकेट घातलं की ते पाश्चात्त्य अनुकरण. हा न्याय कुठल्या संविधानात बसतो, ते आम्हाला कुणीतरी समजावून सांगावं. ‘पँथर’ हे नाव आपण १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडूनच घेतलं. त्याआधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. नातं जुनं आहे. त्यात काळ्या बायांना जागा द्यायचं तेवढं राहून गेलं.

हे आपल्याकडे घडतंही आहे. चेन्नईत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड २०१८ च्या जानेवारीत पहिल्यांदा मंचावर आला, तेव्हा मंडळी करड्या सुटात होती. त्यांच्यातली इसैवाणी ‘गाना’ गाते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधला हा प्रकार पुरुषांचाच मानला जायचा. तिथे तिचं उभं राहणं पाहा आणि मग थार्पचं ते चित्रीकरण पुन्हा पाहा.

एक इशारा मात्र मुलींनाही द्यायला हवा. बाजार बंडसुद्धा विकतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर रॉक बँडची नावं छापलेले टी-शर्ट ढिगाने मिळतात. घालणाऱ्याने त्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. इथे पॉली स्टायरीनची आठवण काढावी. आई गोरी, वडील सोमालियाचे, लंडनची मुलगी. १९७६ मध्ये तिने ‘एक्स-रे स्पेक्स’ हा पंक बँड काढला. दातांना तारा, अंगावर भडक प्लास्टिकसारखे कपडे. स्वतःला नाव घेतलं तेही पॉलिस्टायरीन या वापरून फेकायच्या प्लास्टिकचं, बाजाराची टिंगल म्हणून. मला कुणी मादक बाहुली करू पाहिलं तर मी मुंडण करीन, असं ती म्हणायची आणि तिने ते केलंही. महागडं जॅकेट हप्त्यावर घेण्यात तिची प्रेरणा नाही. दातांच्या तारा न लपवता हसण्यात ती आहे. आणि ज्यांना यातलं काहीच नको वाटतं, त्यांच्यासाठी ट्रेसी चॅपमन आहे. ११ जून १९८८, मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा वेंब्लीचा कार्यक्रम. साधे काळे कपडे, एक गिटार, एकटी मुलगी आणि समोर अख्खं स्टेडियम.

‘मुलींना त्रास होईल म्हणून आम्ही सांगतो’, असंही काही भाऊ म्हणतात. त्यांच्या काळजीवर आम्ही शंका घेत नाही. त्रास खरा आहे. गुजरातमध्ये २०१७ साली मिशा ठेवल्या म्हणून आणि २०२३ साली चांगले कपडे, गॉगल घातला म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली. शिर्डीत २०१५ साली मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला जीव गमवावा लागला. तेव्हा आपण मुलांना मिशा काढायला किंवा रिंगटोन बदलायला सांगितलं नाही. रस्त्यावर उतरलो. मग मुलीच्या वेळीच आपल्याला तडजोड का सुचते?

येत्या जयंतीची समिती अजून व्हायची आहे. तिच्यात निम्म्या मुली घ्या. पेहरावाचा विषय निघालाच तर तो त्यांच्यावर सोडा. त्या पांढरी साडी म्हणाल्या तर पांढरी साडी. आणि त्याआधीच्या एका रविवारी विहारात भिंतीवर ते मँचेस्टरचं चित्रीकरण दाखवा. प्रोजेक्टर नसेल तर आमच्याकडचा घेऊन जा.