शिस्त एक, कायदे तीन

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांची माणसं एकत्र काम करतात, पण आगळीक घडली की कायदे तीन : लष्कराचा आणि हवाई दलाचा १९५० चा, नौदलाचा १९५७ चा. कारवाईसाठी माणूस मूळ दलाकडे धाडावा लागे. संयुक्त आस्थापनांसाठीच्या २०२३ च्या कायद्याने ही पाठवापाठवी थांबवली. १० मे २०२४ पासून संयुक्त आस्थापनेचा प्रमुखच कारवाई करू शकतो. मूळ तीन कायदे मात्र जसेच्या तसे आहेत.

फरक किरकोळ नाहीत. समरी कोर्ट मार्शल फक्त लष्करात. कमांडिंग ऑफिसर एकटाच खटला चालवतो, बडतर्फही करू शकतो. इतर दोन दलांत ही सोय (कुणाची, ते विचारू नका) नाही.

एखाद्या गावातून भरतीला निघालेल्या पोराला सोळाशे मीटर धावण्याची वेळ पाठ असते. दलागणिक कायदा बदलतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. बडतर्फी झाली तर पेन्शनवर पाणी पडू शकतं, आणि दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत. म्हणून या अंकात आम्ही कलमांइतकंच घरांकडे पाहिलं आहे. एकसूत्रता अधिकाऱ्याच्या अधिकारांत आली. जवानाच्या हक्कांतही यावी, असं आमचं मत. माजी सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अनुभव जरूर कळवावेत. नाव नको असेल तर छापणार नाही.