फ्रीज-टीव्हीवर ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ घ्यायची की नाही? कार्डाच्या मागची बाजू आधी वाचा

सोयाबीनचा चुकारा हातात आला की वाशिम, कारंजा, रिसोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत पाय ठेवायला जागा राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या वस्तूंची चौकशीही वाढली. भाव ठरतो, फायनान्सचे कागद होतात आणि बिल निघायच्या वेळी काउंटरवरून प्रश्न येतो, “भाऊ, दोन वर्षांची वॉरंटी वाढवून टाकू का? थोडेच पैसे लागतात.” बाहेर मालवाहू ऑटो उभा असतो, मागे गिऱ्हाईक ताटकळत असतं. त्या घाईत बरेच जण “टाका” म्हणून मोकळे होतात.

हा व्यवहार म्हणजे एका अर्थानं विमाच आहे, आणि विमा काय असतो हे या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. २०२३ च्या खरिपापासून पीकविमा एका रुपयात मिळत होता. २०२५ च्या खरिपात ती सवलत बंद झाली. आता खरीप पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का शेतकऱ्याला भरावा लागतो, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. रुपया लागत होता तोवर कोणी फार विचारलं नाही. खिशातून पैसे जायला लागले तेव्हा मात्र पारावर हिशोब सुरू झाला: भरायचे किती, मिळणार कशावर, आणि नुकसान ठरवणार कोण? हेच तीन प्रश्न फ्रीजच्या वॉरंटीलाही लागू पडतात. समजा, २५ हजारांच्या फ्रीजवर दोन वर्षं वाढवायला अडीच हजार मागितले. म्हणजे वस्तूच्या किमतीच्या दहा टक्के झाले. पिकाच्या दोन टक्क्यांवर भांडणारा माणूस इथं दहा टक्के न विचारता काढून देतो.

कंपनीची वॉरंटी किमतीत धरलेलीच असते. बहुतेक घरगुती वस्तूंना पूर्ण वॉरंटी एक वर्षाची असते. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला आणि वॉशिंग मशीनच्या मोटरला अनेक कंपन्या दहा वर्षं देतात. पण त्यात मेख आहे. दहा वर्षांची हमी फक्त त्या पार्टची असते. गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाच्या अंगावर पडतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘३६+२४’ असं छापलेलं असतं. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते, पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते आणि तीही महिन्यागणिक कमी होत जाते. विकताना मात्र पाच वर्षांची वॉरंटी म्हणूनच सांगतात.

वाढीव वॉरंटी सुरू होते ती कंपनीचं वर्ष संपल्यावर. त्यामुळे ‘तीन वर्षं बिनघोर’ असं सांगितलं, तरी पैसे दोनच वर्षांचे दिलेले असतात. उत्पादनातला दोष असला तर तो सहसा सुरुवातीच्या काही महिन्यांत उघडा पडतो, तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच. झीज होऊन बिघाड येतो तो बरीच वर्षं वापरल्यावर, तोवर वाढीव वॉरंटीही संपलेली असते. ही मधली दोन वर्षं सर्वांत कमी कटकटीची असतात, आणि विकली जातात तीच.

आता कार्डाची मागची बाजू. खेड्यात वस्तू जळते ती कशानं? डीपीत बिघाड झाला आणि व्होल्टेज एकदम वाढलं. पहिल्या पावसात वीज कडाडली. उंदरानं मागची वायर कुरतडली. अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कोणी पाणी टाकलेलं नाही. आणि वॉरंटीत काय बसत नाही, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: व्होल्टेजमधला चढउतार, वीज कोसळणं, उंदीर-कीटकांनी केलेलं नुकसान, बाहेरच्या मिस्त्रीनं उघडलेली वस्तू. प्लास्टिक, काच, दाराचं रबर हेही अनेकदा वगळलेलं असतं. म्हणजे मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या गावात जे होण्याची शक्यता जास्त, नेमकं तेच बाहेर ठेवलेलं. काही योजनांत व्होल्टेजचं नुकसान धरतात, ती योजना वेगळी आणि महाग असते. विक्रेत्यानं तोंडी “सगळं येते त्यात” म्हटलं, तर ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावं. लिहून द्यायची वेळ आली की खरं काय ते कळतं.

त्याहून मोठा प्रश्न माणसाचा आहे. वस्तू बिघडल्यावर दुरुस्तीला येणार कोण आणि येणार कुठून? वाशिमहून, अकोल्याहून की अमरावतीहून? ठरावीक अंतरापलीकडच्या गावासाठी अनेक कंपन्या वेगळं भाडं लावतात, नाहीतर वस्तू केंद्रावर आणून द्यायला सांगतात. दोनशे लिटरचा फ्रीज ऑटोत घालून तालुक्याला न्यायचा आणि परत आणायचा, तर फुकटची दुरुस्ती फुकट राहत नाही. शिवाय मे महिन्यात फ्रीज बंद पडला तर घरचे कंपनीच्या माणसाची आठवडाभर वाट पाहत नाहीत. गावातल्याच मिस्त्रीला बोलावतात. त्यानं पाना लावला की वॉरंटी संपली. म्हणून पैसे देण्याआधी गिऱ्हाइकानं दुकानातूनच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावावा, आपल्या गावाचा पिनकोड सांगावा आणि सेवा घरपोच आहे का ते विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे.

कार्डावर नाव कोणाचं आहे, हेही पाहावं लागतं. वाढीव वॉरंटी कधी वस्तू बनवणारी कंपनी देते, कधी दुकानाची साखळी, तर कधी तिसरीच कंपनी. तिसऱ्या कंपनीच्या योजनेत वस्तू दुरुस्त होण्यासारखी नसेल तर नवी मिळतेच असं नाही. घसारा कापून रक्कम देतात. कारंजाच्या दुकानातून घेतलेल्या टीव्हीचा दावा एखाद्या मोठ्या शहरातल्या कॉल सेंटरशी लढावा लागतो, आणि तिथं ‘डीपी गेली होती’ म्हणजे काय हे समजावण्यापासून सुरुवात होते.

मग कुठंच घेऊ नये का? तसं नाही. मोठ्या टीव्हीत पॅनेल गेलं तर त्याचा खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका होतो, आणि पॅनेलला सहसा एकच वर्ष असतं. तिथं कंपनीचीच वाढीव वॉरंटी असेल, घरपोच सेवा असेल आणि रक्कम किमतीच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल, तर विचार करायला हरकत नाही. इन्व्हर्टर एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचंही तसंच. साधा फ्रीज, कुलर, मिक्सर, गिझर यांच्यावर मात्र हा पैसा बहुधा वाया जातो. त्याच अडीच हजारांत चांगला स्टॅबिलायझर येतो, अर्थिंग दुरुस्त होतं, आणि वॉरंटीत न बसणारं नुकसानच बरंचसं टळतं.

काही ठिकाणी तर हमी आधीच मिळालेली असते, लोकांना ती माहीत नसते. पीएम सूर्यघर योजनेत छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. त्या मुदतीत कोणी देखभालीचा वेगळा वार्षिक करार गळ्यात मारत असेल, तर आधी मूळ कागद काढून पाहावा. घराचंही तेच. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यावा लागतो. स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून घर बांधलं तर रेरा लागू होत नाही. मात्र घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरलेली आहे. त्यासाठी गुत्तेदाराशी लेखी करार हवा, आणि गावाकडं गाडी अडते ती तिथंच.

हप्त्यावर वस्तू घेताना आणखी एक गोष्ट घडते. वॉरंटीची रक्कम न सांगता कर्जात मिसळली जाते, महिन्याचा हप्ता पन्नास-शंभरानं वाढतो आणि ते कळतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासाठी मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. त्यात नसलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. सही करण्याआधी ते पत्रक मागावं.

घेतलेल्या वॉरंटीचा दावा नाकारला गेला, तर पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर करावा. तिथं निकाल लागला नाही तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीला बिल आणि वॉरंटीचं कार्ड लागतं, आणि दुकानातल्या छोट्या मशीनमधून निघालेल्या बिलावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडून जातात. बिल हातात पडलं त्याच दिवशी त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.