उपासाचं दळण, आजाऱ्याचं दळण

नवरात्र लागलं की कल्याणातल्या गिरण्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "आधी कशाचं दळण होतं?" दुर्गाडीला देवीच्या दर्शनाला निघालेली बाई उपासाच्या भाजणीचा डबा गिरणीत ठेवते तीच हे विचारून. गिरणीवालाही चिडत नाही. "उद्या सकाळी आणा ताई, गहू टाकायच्या आधी पहिलं तुमचं काढतो," म्हणतो. चक्कीच्या दगडांत आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

लाल भोपळ्याचे ग्लुटेन-फ्री मफिन घरी करायचे म्हटलं की लोक चौकशी करतात ओव्हनची, साच्यांची आणि कुठल्याशा महागड्या तयार पिठाची. माझ्या मते चौकशी करायची ती याच प्रश्नाची. बाकी सगळं सोपं आहे.

सोपं अशासाठी, की मफिनला ग्लुटेनची फारशी गरजच नसते. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. पोळी ताणली जाते आणि पाव फुगून उभा राहतो तो त्याच्या जोरावर. मफिनच्या बाबतीत मात्र मैदा वापरणाऱ्यांनाही बजावलं जातं की मिश्रण फार घोटू नका, नाहीतर चिवट होईल. म्हणजे तिथे ग्लुटेन नकोसाच पाहुणा. शिवाय गव्हाशिवाय भाजलेला गोड पदार्थ कोकणाला नवा नाही. तांदळाच्या कण्या, किसलेली काकडी आणि गूळ एकत्र करून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं धोंडस हा आपला जुना केकच की.

कृती अशी. भोपळ्याची केशरी, घट्ट गराची फाक घ्या. फोडी पाण्यात न शिजवता वाफवा आणि गर चाळणीत निथळू द्या. इथे आळस केला की मफिन मधोमध ओलसर राहतात. वाटीभर गरात पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, वाटीभर तांदळाचं आणि अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, वेलची-जायफळ घाला. चिकटपणासाठी चमचाभर इसबगोल. पोट साफ होण्यासाठी आणलेला तोच डबा इथे कामाला येतो, कारण इसबगोल पाणी धरून ठेवतो आणि मिश्रणाला बांधतो. वीस मिनिटं झाकून ठेवा. तांदळाचं पीठ तेवढ्या वेळात पाणी पितं आणि दाताखाली कचकच लागत नाही. दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी. 180 अंशांवर पंचवीसेक मिनिटं. पुरते गार झाल्याशिवाय साच्यातून काढू नका, भुगा होईल.

साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरवायची आपल्याला सवय असते. ती तेवढी आवरायची. घोळ होतो तो असल्या सवयींतच. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. डबीतला हिंग नुसता हिंग नसतो. त्यात डिंक असतो आणि बऱ्याचदा मैदाही. पोळ्यांच्या परातीतच ज्वारीचं पीठ मळलं जातं.

एवढी काटेकोरी कशाला? ज्यांनी ग्लुटेन-फ्री हे वजन उतरवण्याचं साधन म्हणून धरलंय, त्यांनी खुशाल सोडून द्यावी. ती लागते सीलिअ‍ॅक असलेल्यांना. या आजारात गव्हातल्या आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारं अस्तर सपाट होतं, पोराची वाढ खुंटते, जुलाब लागतात, रक्त कमी होतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाशी असलेला याचा संबंध 1950 च्या सुमारास मांडला. आजही यावर खात्रीचा उपचार एकच: ग्लुटेन जन्मभर बंद. म्हणूनच शंका असेल तर आधी रक्ततपासणी करावी, गहू मग सोडावा. आधीच सोडला तर तपासणी चकवू शकते.

आपल्याकडच्या नियमानुसार पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम कणकेत साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर तांदळाच्या पिठात पाव ग्रॅम कणीक, एवढीशी चिमूट, गेली की मर्यादा संपली. गव्हावर दळलेल्या तांदळात याच्या कितीतरी पट कणीक उतरते.

आता घराघरातलं बोलणं ऐका. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाची आई ताट वेगळं ठेवते, तेव्हा आत्या-मावश्या म्हणतात, "एक घास पोळीने काय होतंय? फारच बाई तुझं!" याच मावश्यांना एकादशीला कुणी "एक घास पोळी खा, काय होतंय" म्हणून बघावं! उपासाची कढई वेगळी, डबे वेगळे, दळणसुद्धा वेगळं. गव्हाचा कण लागू न देता दिवस काढायची शिस्त आपल्या बायकांच्या हाताला कधीपासूनची आहे. देवासाठी ती बिनतक्रार पाळली जाते, आणि पोराच्या आतड्यासाठी पाळली की फाजील लाड ठरते. हे मला पटत नाही.

म्हणून माझं मागणं गिरणीवाल्यांकडे आहे. बऱ्याच गिरण्यांत दोन-तीन चक्क्या असतातच. त्यांतली एक कायमची बिनगव्हाची ठेवा आणि तशी पाटी लावा. ज्वारी, नाचणी, तांदूळ, उपासाची भाजणी असं गिऱ्हाईक तिला बारमाही मिळेल. गिरणीच्या हवेतच कणीक उडत असते, तेव्हा सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तेवढ्याने भागणार नाही; त्याच्यासाठी तांदूळ धुऊन, वाळवून, घरच्या घरघंटीत किंवा वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरच्या भांड्यातच दळावा. पण त्या आईने "आधी कशाचं दळण होतं?" असं विचारलं, तर तिला उपासवालीइतकंच सरळ उत्तर मिळायला हवं, नवरात्र असो वा नसो.