नासाचं झाड आणि आपली खिडकी

'स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं' हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये आता 'मेसचं वरण पातळ असतं' इतकंच सर्वमान्य झालंय. फरक एवढाच, की दुसरं वाक्य खरं आहे.

मित्रहो, माझं त्या झाडाशी भांडण नाही. उलट होस्टेलच्या खोलीत जगेल असं झाड सांगा म्हटलं तर मी डोळे मिटून हेच नाव सांगेन. सरळ उभी, तलवारीसारखी जाड पानं, त्यावर आडवे पट्टे. इंग्रजीत याला 'सासूची जीभ' असंही म्हणतात. (हे नाव ठेवणारा जावई सापडायला हवा!) मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, पण याचं शास्त्रीय नाव डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली बंगालच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात दिलं. शंभरहून अधिक वर्षं ते सॅन्सेव्हिएरिया होतं, २०१७ पासून ड्रॅसिना झालं. ब्रँच बदलली, रोल नंबर बदलला, विद्यार्थी तोच.

भांडण आहे ते त्याच्या नावावर खपणाऱ्या थापांशी. कारण त्या थापांमुळे आपल्या खोल्यांच्या खिडक्या बंद आहेत.

आधी रात्रीच्या ऑक्सिजनचं बघू. कोरड्या मुलखातलं हे झाड पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडतं. तेव्हा ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं, आम्लाच्या रूपात साठवतं, आणि दुसऱ्या दिवशी उजेड आला की त्याची साखर करतं. याला 'कॅम' प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ऑक्सिजन मात्र पाण्याच्या विघटनातून तयार होतो आणि त्याला उजेड लागतोच लागतो. म्हणजे रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण काळोखात ऑक्सिजन बनवतं हे खोटं. अर्धं सत्य फॉरवर्ड व्हायला नेहमीच सोपं.

आता नासा. १९८९ साली वुल्व्हर्टन यांच्या गटाने नासासाठी प्रयोग केले, त्यात हे झाडही होतं. बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड वगैरे वायू कमी झाले, हेही खरं. पण कुठे? लहानशा सीलबंद पेटीत. आपली खोली सीलबंद पेटी नाही. (निदान नसावी.) २०१९ साली कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी असे अनेक जुने प्रयोग एकत्र करून आकडे काढले. एक कुंडी तासाला जेवढी हवा स्वच्छ करते त्याचा मध्यक निघाला ०.०२३ घनमीटर.

आपण इंजिनिअर, तेव्हा गणित करू. खोली १२ बाय १०, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. दोन तासांत एकदा हवा बदलावी एवढी माफक अपेक्षा धरली तरी तासाला १७ घनमीटर हवेत. भागा ०.०२३ ने. सुमारे ७४० कुंड्या! तीन कॉट, तीन टेबलं आणि ७४० कुंड्या. रूममेटला बाहेर झोपावं लागेल. तेच काम एक उघडी खिडकी फुकटात करते.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. आपल्या विंगमधल्या कित्येक खिडक्या जाळी फाटल्यामुळे डासांच्या भीतीने कायमच्या बंद आहेत, काहींची बिजागरी गंजून गेली आहे. तक्रारवहीत नोंदी आहेत. पण पर्यावरण दिनाला काय झालं? खोल्यांना 'एअर प्युरिफायर' म्हणून कुंड्या वाटल्या, फोटो निघाले. जाळी बसवण्याचे फोटो चांगले येत नसावेत. तिघांच्या श्वासाने, ओल्या टॉवेलने आणि बुटांनी कोंदलेल्या खोलीचं काम एका बिचाऱ्या झाडावर ढकलणं हा झाडावरही अन्याय आहे.

बरं, त्या कुंड्यांचं तरी नीट झालं का? दिवाळीपर्यंत निम्म्या मेल्या. पाण्याअभावी नव्हे, पाण्याने! कुंड्या चिनीमातीच्या, देखण्या, आणि तळाला भोक नाही. त्यात तिघे रूममेट रोज आळीपाळीने मायेने ग्लास ओतणार. पाणी तळाशी साचलं, मुळं कुजली, पानं बुडापासून मऊ पडून आडवी झाली. अशा झाडाला अजून पाणी घालणारेही मी पाहिले आहेत.

याचा सांभाळ म्हणजे खरं तर आळशी माणसाचा छंद. भोक असलेली कुंडी, मातीत भरपूर भरड वाळू. बोट दोन पेरं आत घालायचं, माती पूर्ण कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात आणि थंडीत महिनाभर विसरलात तरी चालतं. पाणी मातीत घालायचं, पानांच्या मधोमध नाही. जागा खिडकीजवळ. अंधाऱ्या कोपऱ्यात ते तग धरतं, वाढत नाही. पानांवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची. आणि मेसच्या मांजरीला पानं चावू देऊ नका, तिला उलट्या होतील.

सबमिशनच्या आठवड्यात कोणी बघत नाही, सुट्टीत खोलीला दीड महिना कुलूप. हे सगळं सोसून जून-जुलैत तुमच्या स्वागताला उभं राहणारं दुसरं झाड मला माहीत नाही. एवढा गुण पुरे नाही का? त्याला नासाचं सर्टिफिकेट कशाला हवं?

म्हणून होस्टेल कमिटीला माझी सूचना : यंदा नवीन कुंड्या विकत घेऊ नका. ते पैसे जाळ्यांना आणि बिजागऱ्यांना लावा. झाडं आपल्याकडेच तयार होतील. पान कापून त्याचे बोटभर तुकडे करा, दोन-तीन दिवस सुकू द्या, आणि खालची बाजू खालीच ठेवून वाळूत खोचा. उलटं खोचलं तर मुळं फुटणार नाहीत. नवा कोंब यायला काही महिने लागतात, म्हणजे साधारण एक सेमिस्टर. पिवळ्या काठाच्या जातीचं मात्र पान लावू नका, त्यातून नुसती हिरवी रोपं येतात. तिचे बुडाशी आलेले फुटवेच वेगळे करायचे.

दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याजवळ तीन जुन्या कुंड्या फुटव्यांनी फुटायला आल्या आहेत. ज्याला हवं त्याने रविवारी सकाळी नाश्त्यानंतर यावं. डबा, बादली, काहीही आणा, फक्त तळाला भोक पाडून आणा.